रविवारची उघडी लाइन

या, असे जवळ येऊन बसा. मागे दाराशी कोण उभं आहे, त्यांनाही आत घ्या. पाय दुखत असतील त्यांनी भिंतीला टेकावं, डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे उघडे असू द्यात. आजची गोष्ट कानांचीच आहे. एक बाई होती. तिनं जन्मभर परक्यांची बोलणी जुळवून दिली आणि पोटच्या लेकीशी असलेलं तिचं स्वतःचं बोलणं मात्र अडून बसलं. ते कसं सुटलं, ते ऐका.

गल्लीत तिला सगळे हॅलोबाई म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला सांगून वाट बघत बसावं लागे, त्या काळातली ही नोकरी. समोर भिंतीएवढी फळी, फळीवर भोकंच भोकं, हातात दोरीला लावलेली पिन आणि कानावर हेडफोन. इकडची पिन तिकडे खुपसायची, "बोला, लाइन जोडली आहे" म्हणायचं आणि लगेच आपला कान काढून घ्यायचा. त्या कामात हेच खरं व्रत होतं. एखाद्याच्या घरी पाळणा हलायचा, एखाद्याच्या घरी कुणी शेवटच्या घटका मोजत असायचं, कुठे नवराबायको शब्दाला शब्द लावायची; सगळं तिच्या बोटांतून जायचं, पण कानात शिरायचं नाही. बाकीच्या मुली चोरून ऐकत आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना रंगवून सांगत. ही तेव्हा डब्यात मान घालून बसे. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं, असं तिला वाटे.

मध्ये तोंड घालायचीही मुभा नव्हती. वेळ संपत आली की तेवढं एक वाक्य बोलता येई: "वेळ झाली, वाढवायची का?" आणि आणखी एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. ऑपरेटरनं आपण होऊन बोलणं तोडायचं नाही. बोलणाऱ्यानं फोन ठेवला, त्याची खूण मिळाली, की मगच पिन उपसायची.

नवरा तिला लाइनवरच भेटला. तो लाइनमन. खांबावर चढायचा, तार जोडायचा आणि तिथूनच एक्स्चेंजला विचारायचा, "आवाज येतोय का?" ही खालून सांगायची, "येतोय, स्वच्छ येतोय." असं किती वेळा झालं कोण जाणे. एकदा त्यानं आवाज येतोय का असं तीनतीनदा विचारलं, तेव्हा ही वैतागून म्हणाली, अहो, स्वच्छ येतोय म्हणून सांगितलं ना. तर तो म्हणाला, मला ठाऊक आहे, पण तुम्ही ते म्हणता ते ऐकायला बरं वाटतं. पुढचं तुम्ही समजून घ्या. दोघांचा संसार झाला, एक मुलगी झाली, तिला लाडानं चिंगी म्हणू लागले. घरातही तो माडीवरून हाक मारायचा ती तशीच, "आवाज येतोय का?" आणि मायलेकी खालून एका सुरात ओरडायच्या, "स्वच्छ येतोय."

दिवस गेले. एक्स्चेंजमधली फळी निघाली, खुर्च्या निघाल्या, हॅलोबाई निवृत्त झाली. मग नवराही देवाघरी गेला. खांबावरून कधी पडला नाही हो, झोपेतच गेला. चिंगी लांबच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर. तिला नवरा, एक मुलगी, धावपळीचं घर. लोकांची हाडं आरपार बघणारी ही पोरगी, पण आईच्या मनातलं काही तिला दिसेना. आता ते का दिसेना, ते ऐका.

दर रविवारी सकाळी चिंगीचा फोन यायचा. हॅलोबाई शनिवारपासूनच त्याची तयारी करायची. खिडकीजवळच्या स्टुलावरचा फोन पुसायची. काय काय सांगायचं ते मनात घोळवायची: जिन्यात मांजरीनं पिल्लं घातली, गुडघा आता बराच बरा आहे, वरच्या मजल्यावर कुणी बासरी शिकतंय आणि अख्ख्या इमारतीला शिक्षा होतेय. पण घंटी वाजली, रिसीव्हर कानाला लागला, की आतली ऑपरेटर जागी व्हायची. पाठ ताठ, आवाज गोल. कशी आहेस, बरी आहे, मुलगी कशी आहे, जावई कसे आहेत, मी ठीक, औषध घेते. आणि मग, "बरं, ठेव आता." झालं. सगळी मांजरं, सगळ्या बासऱ्या पोटातच.

असं का करायची? इतकी वर्षं तिच्या डोक्यात एकच बसलं होतं, की लाइन अडवून ठेवू नये. आपण बोलत असतो तेव्हा मागे कुणीतरी ताटकळत असतं. कुणाला डॉक्टर हवा असतो, कुणाला मुलाचा आवाज हवा असतो. चिंगी तर दवाखान्यातली. तिच्या लाइनवर किती महत्त्वाची माणसं येत असतील, त्यात आपण म्हातारीनं मांजराची पिल्लं कशाला घुसवायची? लेकीचा वेळ खायचा नाही, हेच तिचं लेकीवरचं प्रेम होतं. फक्त ते प्रेम आहे हे लेकीला कळायला काही वाव नव्हता.

शेजारी एक शिलाईवाली राहायची. तिच्या मशीनचा आवाज भिंतीतून यायचा आणि हिचं बोलणं भिंतीतून तिकडे जायचं. ती एकदा म्हणाली, "अहो हॅलोबाई, तुम्ही लेकीशी बोलता की स्टेशनवर गाडी सुटल्याचं सांगता? माझी सुई ओवून व्हायच्या आत तुमचा फोन संपतो."

हॅलोबाई हसली. पण घरात आल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि बराच वेळ खिडकीशी बसून राहिली. ती रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता देवाशी बोलायची. तिथं तिला कधी ठेवायची घाई नसे. देवाची लाइन एंगेज नसते, मध्ये ऑपरेटर नसतो आणि वेळ झाली म्हणून कुणी सांगत नाही, असं ती म्हणायची. जे लेकीला सांगायचं राहून जाई ते सगळं देवाच्या कानावर जाई. देवाला त्या मांजराच्या पिल्लांचे रंगसुद्धा पाठ झाले असतील.

तर एका रविवारी असं झालं. चिंगी नव्या घरात राहायला गेली होती. स्वयंपाकघरात फळीवर डबे मांडलेले, त्या डब्यांना मोबाइल टेकवून, आवाज मोठा करून ती बोलायची, म्हणजे हात कामाला मोकळे. हॅलोबाईनं नेहमीसारखं "ठेव आता" म्हटलं आणि नेहमीसारखीच खुणेची वाट बघत थांबली, कारण आपण आधी तोडायचं नाही. तिकडे चिंगीला वाटलं, आईनं ठेवला. आई ठेव म्हणते म्हणजे ठेवतेच, एवढीच तिची समजूत. हात ओले होते, बटण काही तिनं दाबलं नाही. पूर्वी फोन कानाशी असायचा तेव्हा जरा फणकाऱ्यानं का होईना, पण दाबायची.

खूण येईना. त्याऐवजी पाण्याचा आवाज आला. मग सुरीचा. मग नात आली आणि मोजे कुठे आहेत म्हणून विचारू लागली, आणि चिंगी म्हणाली, जिथे काढलेस तिथे. हुबेहूब तिच्या बापाचा सूर.  हॅलोबाईनं रिसीव्हर कानापासून लांब धरला. परक्या माणसांचंसुद्धा कधी ऐकलं नाही, आता म्हातारपणी स्वतःच्या लेकीच्या घराला कान लावायचा? तिनं फोन ठेवून दिला. ठेवला, आणि खोली इतकी गप्प झाली, की शेजारचं शिलाई मशीन बंद आहे हेही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कुंड्यांना पाणी घालताना तिनं देवापाशी जे मागितलं, ते सांगायला मलाच संकोच वाटतो. ती म्हणाली, देवा, माझ्या लेकीला जरा विसरभोळी ठेव.

देव पण काय, ऐकतो. पुढच्या रविवारीही चिंगीनं बटण दाबलं नाही, त्यानंतरच्याही. हॅलोबाईनं आता खुर्ची स्टुलाजवळ ओढून घेतली. रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूवर तळहात ठेवायची, आपला श्वास तिकडे जाऊ नये म्हणून, आणि ऐकत बसायची. चोरी होती ती, तिला ठाऊक होतं. पण त्या चोरीत काय होतं? भांडी विसळल्याचा आवाज. नातीनं कविता पाठ करताना तीच ओळ पुन्हा चुकवल्याचा आवाज. जावयानं शिंकून स्वतःलाच "जियो" म्हटल्याचा आवाज. एकदा तर जावई चाव्या शोधत घरभर फिरत होता. पलंगाखाली शिरला, सोफ्याच्या गाद्या उपसल्या, नातीवर आळ घेतला. चाव्या डब्यांच्या मागे होत्या. त्या ठेवताना हॅलोबाईच्या कानाशीच खुळखुळल्या होत्या. सांगू की नको, सांगू की नको, तिची जीभ शिवशिवत होती. पण मध्ये तोंड घालायचं नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि एकटीच हसत बसली. तिच्या घरात इतकं हसू कितीतरी दिवसांत फिरकलं नव्हतं.

मंडळी, चोरीचा गोड घास फार दिवस गोड राहत नाही.

एका रविवारी तिनं ठेव म्हटलं, पलीकडे नळ सुरू झाला, आणि जावई बोलला. अगं, आईंशी जरा जास्त बोलत जा, एकट्या असतात. तो सरळ मनाचा माणूस. त्यावर चिंगीच्या हातातली सुरी थांबली. थांबलेली सुरीसुद्धा कानाला कळते.

"काय बोलू? दोन वाक्यं झाली की ठेव म्हणते," चिंगी म्हणाली. "लहानपणी शाळा सुटली की मी एक्स्चेंजमध्ये तिच्यापाशी जायचे, आणि काही सांगायला गेले की ती हाताचा पंजा असा वर करायची, थांब म्हणून, कारण कानात दुसऱ्यांची बोलणी असायची. सगळ्या जगाला बोलायला लावलं तिनं. माझ्याशी मात्र तिला कधी बोलायचंच नव्हतं. आता मीच ठरवलंय, उगाच तिला दर रविवारी तिष्ठत बसवायचं नाही. आठवड्यातून एक मेसेज टाकत जाईन. तिची सुटका, माझीही."

हॅलोबाईचा तळहात रिसीव्हरवरून निसटला.

आता तिच्यापुढे काय होतं, ते बघा. गुपचूप फोन ठेवला असता तर तिचं व्रत राहिलं असतं, तिची लाजही राहिली असती. पण रविवार गेला असता. बोलावं, तर इतके दिवस कान लावून बसली होती हे उघडं पडणार. जन्मात जे केलं नाही ते लेकीच्या घरी केलं, हे लेकीलाच कळणार. तिनं दुसरा हात फोनवरच्या लाइन तोडायच्या बटणाकडे नेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा. तेवढ्यात तिला खांबावरचा तो माणूस आठवला, वारा सुटलेला असताना एका हातानं खांब धरून तिलाच विचारणारा. तार जोडलेली असली तरी पलीकडून कुणी बोलल्याशिवाय ती जोडली असं धरायचं नसतं, हे त्यानंच तिला सांगितलं होतं.

तिनं बोट मागे घेतलं आणि म्हणाली, "आवाज येतोय का?"

पलीकडे नळ वाहत होता. कुणाला काही ऐकू गेलं नाही. तिनं जरा मोठ्यानं विचारलं. तेव्हा नातीचा आवाज आला, अगदी शांत, जणू यात नवल ते काय: "आई, डब्यांच्या मागून आजी बोलतेय."

नळ बंद झाला. आणि मग काहीच नाही. हॅलोबाईनं आयुष्यात लाइनवरच्या नाना तऱ्हेच्या शांतता ऐकल्या होत्या, पण अशी नाही. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि या खेपेला तिचा आवाज गोल राहिला नाही, मधेच दुमडला. "चिंगे, आवाज येतोय का?"

 पलीकडून उत्तर आलं ते खालच्या सुरात.

"येतोय, आई. स्वच्छ येतोय."

मग दोघी एकदम बोलू लागल्या, एकदम थांबल्या. चिंगीनं विचारलं, "तू फोन ठेवला नव्हतास?"

"मी आधी कधीच ठेवत नाही. तू ठेवायची वाट बघते."

"अगं, पण ठेव, ठेव तूच म्हणतेस ना."

"म्हणते," हॅलोबाई म्हणाली. "म्हणते, पण ठेवत नाही."

एवढं बोलल्यावर उरलेलं आपोआप सुटत गेलं. तिनं सांगितलं, की मला वाटायचं तुझी लाइन अडू नये, मागे कुणी महत्त्वाचं असेल. चिंगी म्हणाली, आई, रविवारी सकाळी माझ्या लाइनवर तुझ्याहून महत्त्वाचं कोण येणार आहे गं. त्या हाताच्या पंजाचंही हॅलोबाईनं सांगितलं: तो पंजा वर करताना तिला रोज वाटायचं, की आत्ता हेडफोन काढून फेकावा आणि पोरीचं म्हणणं ऐकावं, पण पाठीशी सुपरवायझर उभी असायची आणि घरी पगार लागायचा. पोरीची हकीकत मग जेवताना विचारायची ठरवायची, आणि तोवर पोरगी झोपलेली असायची.  पलीकडे चिंगीनं नाक ओढलेलं ऐकू आलं. सगळंच काही एका फोनात धुऊन निघत नाही, हॅलोबाईलाही ते कळत होतं.

मग चोरीची कबुली देणं आलं. फक्त आजच कान लावला असं नाही, आधीचे रविवारही ऐकलेत, असं सांगून ती म्हणाली, "जावईबापूंना सांग, त्या दिवशीच्या चाव्या डब्यांच्या मागे होत्या. मला तेव्हाच ठाऊक होतं."

मागून जावयाचा आवाज आला, की म्हणजे मी पलंगाखाली धूळ खात होतो तेव्हा सासूबाई सगळं बघत होत्या होय. नातीनं त्याला सुधारलं, की बघत नव्हती, ऐकत होती. मग ते घर हसू लागलं, आणि या टोकाला खुर्चीत बसलेली म्हातारीही, या वेळी पदर तोंडात न धरता.

सवय म्हणजे सवय. हसू ओसरलं आणि हॅलोबाईच्या ओठांवर ते वाक्य आलंच. बरं, ठेव आता. ते अर्धं बाहेरही पडलं. चिंगीनं ते पुरं होऊ दिलं नाही. लहानपणी जेवणाच्या डब्याचं झाकण कानाला लावून ती एक्स्चेंज एक्स्चेंज खेळायची, तसल्या गोड आवाजात तिनं विचारलं, "बाई, वेळ वाढवून मिळेल का?"

हॅलोबाई खुर्चीत नीट बसली. "मिळेल," ती म्हणाली. "जिन्यात मांजर व्यालीय. आधी ते ऐक."

त्या रविवारपासून त्यांनी एक नवी रीत पाडली. बोलणं संपलं तरी फोन ठेवायचा नाही. तो मोबाइल तिकडे डब्यांना टेकलेला, इकडे हॅलोबाईचा रिसीव्हर खुर्चीत उशीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा. ती शेंगा सोलते, चिंगी कपड्यांच्या घड्या घालते, आणि मध्येच कुणीतरी कुणाला काहीतरी विचारतं. कधी बराच वेळ कुणीच काही बोलत नाही, तरी दोन्हीकडे घर भरल्यासारखं वाटतं. शिलाईवाली एकदा बटणं मागायला आली, उशीवर निजवलेला रिसीव्हर बघून थबकली आणि म्हणाली, "याला बरं नाही का?" रिसीव्हरमधून चिंगीनंच उत्तर दिलं, की मावशी, मी उत्तम आहे, तुम्ही कशा आहात. शिलाईवाली घाबरून पदर सावरू लागली. आता मात्र ती रविवारी मुद्दाम हातशिलाईचं काम घेऊन येते, मशीनचा आवाज नको म्हणून.

असं नाही, की सगळंच सुरळीत झालं. एखाद्या रविवारी चिंगीला दवाखान्यात जावं लागतं, एखाद्या रविवारी बोलता बोलता मोबाइल मान टाकतो. सोमवार ते शनिवार हॅलोबाई एकटीच असते, आणि संध्याकाळ लांबते ती लांबतेच. पण आता कुंड्यांना पाणी घालताना देवाला सांगायला तिच्यापाशी फारसं उरत नाही. देवाची तक्रार नाही. उलट त्यालाच बरं वाटत असेल, की निरोप ज्याचा त्याला पोचला.

आता गोष्ट सरली, तुम्ही उठाल, चपला शोधाल, खिशातला फोन बाहेर काढाल. तेव्हा माझं एवढंच ऐका. तुमच्याही माणसांत कुणीतरी असेल, आई असेल, वडील असतील, एखादी आत्या असेल, जिचं बोलणं सुरू होताहोताच संपतं आणि जी पटकन म्हणते, बरं, ठेव आता. तिला ठेवायची घाई आहे असं समजू नका. ती अजून रिसीव्हर कानाला लावून, तुमच्या खुणेची वाट बघत बसली असेल. तिची आठवण ठेवा.